खाणीच्या तळाशी उगवलेले रान

जमिनीतून काही काढून घेतले की जमिनीचे देणे लागते, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. सुगी आटोपली की तो शेणखताच्या गाड्या टाकतो, पीक फिरवून घेतो, एखादे वर्ष रान पडीक ठेवतो. व्यापाऱ्याचेही तसेच आहे; घेतलेल्या मालाचे पैसे मुदतीत चुकते केल्याखेरीज पेढीची पत राहत नाही. खाणीचा व्यवहार मात्र या दोहोंहून निराळा. तेथे माल निघतो, गाड्या भरतात, बिले वसूल होतात आणि दगड संपला की खाणवाला यंत्रे उचलून निघून जातो. मागे खड्डा राहतो. सातबाऱ्यावर त्याची नोंद पोटखराबा म्हणून होते आणि त्याचे देणे कोणाच्याच वहीत चढत नाही.

केनियाच्या किनाऱ्यावर, मोम्बासा शहराच्या उत्तरेस, बांबुरी येथे असाच एक अवाढव्य खड्डा होता. सिमेंटच्या कारखान्याने तो खणला होता. आज त्या खड्ड्याच्या तळाशी दाट रान उभे आहे. तेथे तळी आहेत, जिराफ व पाणघोडे आहेत, आणि ‘हॅलर पार्क’ या नावाने हे ठिकाण जगभरच्या प्रवाशांना परिचित आहे. लातूरचे एक डाळ व्यापारी तुरीच्या सौद्यासाठी मोम्बाशाला गेले असता पत्नी आणि पुतण्यासह हे रान पाहून आले. त्यांच्या घरचा एक अवघड प्रश्न त्या वेळी त्यांच्या मनात होता. त्यामुळे इतर प्रवासी जे पाहतात त्याहून थोडे अधिक त्यांनी तेथे पाहिले.

तो प्रश्न असा होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर व धाराशिव या जिल्ह्यांतील गावेच्या गावे जमीनदोस्त झाली. पुढे पुनर्वसनाची कामे निघाली तेव्हा खडीला आणि दगडाला मोठी मागणी आली. या कुटुंबाची शहराबाहेर साडेचार एकर खडकाळ जमीन होती. धाकट्या भावाच्या आग्रहावरून तेथे दगडखाण काढण्यात आली आणि शेजारी खडी क्रशर बसला. वडिलांच्या मनाला ते रुचले नव्हते. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत भूमी फोडण्याच्या व्यवसायाचा समावेश होतो, हे त्यांना पाठ होते. परंतु उघड्यावर पडलेल्या माणसांना घरे हवी होती आणि घरांना दगड हवा होता. त्यांनी संमती दिली, मात्र दोन अटी घातल्या: खाणीचे उत्पन्न दुकानाच्या वहीत येता कामा नये, त्याची वही स्वतंत्र राहील, आणि त्यातील दहावा हिस्सा पांजरापोळीला जाईल. या दोन्ही अटी कुटुंबाने शेवटपर्यंत पाळल्या.

खाण बंद होऊन आता बारा-तेरा वर्षे झाली. वडीलही गेले. खड्ड्यात पावसाळ्यात पाणी साचते, उन्हाळ्यात ते आटते आणि काळा कातळ तापून निघतो. मध्यंतरी एका ठेकेदाराने ती जागा मागितली. शहरातील बांधकामाचा राडारोडा आणि इतर कचरा टाकून खड्डा बुजवायचा, त्याबद्दल चांगली रक्कम द्यायची, असा त्याचा प्रस्ताव होता. धाकट्या भावाला डाळ मिलसाठी नवे सॉर्टेक्स यंत्र घ्यायचे होते. त्याला हा पैसा वेळेवर आल्यासारखा वाटला. मातोश्रींचा मात्र कल दिसेना. थोरल्या बंधूंनी निर्णय परतल्यावर घेऊ असे सांगितले आणि ते विमानात बसले.

मोझांबिक, मलावी, टांझानिया, केनिया या देशांतून भारतात तूर येते, हे डाळीच्या व्यापाऱ्यांना सांगण्याची आवश्यकता नाही. मोम्बाशात तुरीला म्बाझी म्हणतात आणि नारळाच्या दुधात शिजवून ती सकाळच्या न्याहारीला खातात. ज्यांच्या पेढीवर सौदा होता ते यजमान तेथील जुन्या ओसवाल घराण्यातील होते. विसाव्या शतकाच्या आरंभापासून जामनगर परिसरातील ओसवाल कुटुंबे केनियात जाऊन स्थिरावली. यजमानांचे आजोबा त्यांपैकीच एक. सौदा ठरल्यावर, मोम्बाशाच्या संगमरवरी मंदिरात दर्शन करून, यजमानांनी पाहुण्यांना मोटारीत बसविले आणि न्याली पूल ओलांडून मालिंदीच्या रस्त्याने बांबुरीकडे नेले.

“भाई, मी लहान असताना वडिलांबरोबर या रस्त्याने जायचो,” यजमान सांगत होते. “तेव्हा इकडे बघवत नसे. उन्हात पांढरा दगड असा चमकायचा की डोळे दिपून जायचे. झाडाचे पान नाही, पाखरू नाही.”

फाटकातून आत शिरल्यावर पायवाट हळूहळू उतरू लागते. येथे अनेक प्रवाशांना उलगडा होत नाही की आपण खाणीत उतरत आहोत. डाळ व्यापाऱ्यांना तो तत्काळ झाला. बाजूला झुडपांआडून दगडाची उभी कापलेली भिंत दिसत होती आणि तशा भिंती त्यांनी आयुष्यभर पाहिल्या होत्या. वर डांबरी रस्त्यावर अंगाची लाही होत होती. खाली मात्र हवा ओलसर आणि गार होती. डोक्यावर उंच झाडांच्या बारीक, दोऱ्यासारख्या फांद्या वाऱ्याने हलत होत्या आणि दुरून समुद्र ऐकू यावा तसा एकसारखा घोष येत होता. ते झाड त्यांनी ओळखले. अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावर ज्याची बने आहेत, तेच हे सुरूचे झाड.

या रानाची हकिगत समजून घेण्यासाठी दगडापासून आरंभ केला पाहिजे. बांबुरीचा चुनखडक हा समुद्रातील प्रवाळांचा आहे. लाखाहून अधिक वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्याहून उंच असताना, बोटाच्या पेराहूनही लहान अशा असंख्य प्रवाळजीवांनी आपल्या देहाभोवती चुन्याची कवचे रचली. एक पिढी गेली की तिच्या कवचांवर दुसरी पिढी बसली. अशा रीतीने किनाऱ्याला समांतर खडकाचा बांध तयार झाला. पुढे समुद्र मागे हटला आणि तो खडक जमीन झाला. सिमेंटला चुनखडी लागते. १९५१ साली बांबुरी येथे कंपनी स्थापन झाली आणि १९५४ मध्ये उत्पादन चालू झाले. सुरुंग लावून खडक फोडायचा, भट्टीत भाजायचा, दळायचा आणि पोती भरायची, असा हा व्यवसाय. पूर्व आफ्रिकेतील कितीतरी इमारती, बंदरे आणि पूल त्या पोत्यांवर उभे आहेत. कारखाना वाईट हेतूने चालला होता असे कोणी म्हणू शकणार नाही. घरांना सिमेंट लागतेच. परंतु लाखो वर्षांत रचले गेलेले दोन दशकांत उपसले गेले आणि समुद्रसपाटीच्या थोडेच वर, खारट पाण्याच्या अगदी जवळ, एक उघडा पांढरा तळ शिल्लक राहिला.

हा तळ पुन्हा हिरवा करता येईल काय, हे पाहण्याचे काम १९७० च्या दशकाच्या प्रारंभी रेने हॅलर यांच्याकडे आले. ते मूळचे स्वित्झर्लंडचे, शेतीशास्त्र शिकलेले. कारखान्याच्या बागा आणि कामगारांसाठीचा भाजीपाला ते पाहत असत. त्यांच्यापुढील अडचणी सहज मोजण्यासारख्या होत्या. माती नव्हती. सावली नव्हती. खाली पाणी होते, पण ते मचूळ. वर ऊन होते आणि पांढऱ्या खडकावरून परावर्तित होऊन ते दुपटीने भाजत होते. एवढ्या प्रचंड क्षेत्रावर बाहेरून माती आणून पसरणे म्हणजे आणखी कोठेतरी नवा खड्डा पाडणे. तेव्हा मातीची वाट न पाहता, मातीवाचून जगू शकेल असे झाड शोधावे असे त्यांनी ठरविले.

त्यांनी खडकात खड्डे घेऊन २६ जातींची झाडे लावून पाहिली. त्यांपैकी तीनच जाती तगल्या: नारळ, सोमालियाकडील दमास नावाचे एक झाड आणि सुरू. म्हणजे २३ जाती हरल्या. व्यापारात याला मोठी खोट म्हणतील. हॅलर यांनी तिची नोंद ठेवली, ज्या तीन तगल्या त्यांवर भर दिला आणि प्रामुख्याने सुरूची झाडे हजारोंनी लावली.

सुरूच का तगला, हे यजमानांनी सांगितले तेव्हा डाळ व्यापारी हसले. कारण ते त्यांच्याच धंद्यातले गुपित होते. तुरीच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्यांत राहणारे जिवाणू हवेतील नत्र धरून मुळांना देतात. म्हणून मराठवाड्यातला शेतकरी ज्वारीबरोबर तुरीचे पाटे घेतो. जमीन त्याने सुधारते, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. सुरू हे कडधान्याच्या कुळातील झाड नाही आणि त्याच्या मुळांतील जिवाणूही निराळे आहेत, परंतु काम तेच. हवेत जे फुकट आहे ते धरून झाड आपली शिदोरी बांधते. मीठ आणि कोरडा वारा ते सोसते. अशा रीतीने उघड्या खडकावर पहिली सावली पडली.

सावली पडली, पण माती होईना. येथे या हकिगतीचा मर्म आहे. सुरूच्या सुईसारख्या काड्या सतत गळत असतात. त्यांत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते आणि त्यामुळे त्या लवकर कुजत नाहीत. खडकावर वाळलेल्या काड्यांची गादी साचत गेली. झाडे उभी होती, खाली पाला होता, पण त्या पाल्याचे खत होत नव्हते. झाडाने कमावलेले सर्व तेथेच अडकून पडले होते, जसे बाजारात मालाला उठाव नसावा आणि भांडवल गोदामात अडकावे.

अशा वेळी एका साध्या किड्याकडे लक्ष गेले. किनाऱ्याच्या त्या भागात लाल पायांचा, काळ्या अंगाचा, बोटाएवढा लांब सहस्रपाद आढळतो. स्वाहिलीत त्याला जोंगू म्हणतात. हा जोंगू सुरूच्या वाळलेल्या काड्या खातो, असे दिसून आले. मग तसे जोंगू गोळा करून खाणीतल्या सुरूखाली सोडण्यात आले. ते खात गेले, वाढत गेले. त्यांच्या विष्ठेतील बारीक गोळ्यांवर जिवाणूंचे काम सोपे झाले आणि खडकावर काळीभोर माती साचू लागली. ती साचल्यावर इतर झाडांची बीजे रुजली, पक्षी आले, पक्ष्यांनी आणखी बीजे आणली. सुरूच्या सावलीत स्थानिक झाडे लावण्यात आली.

पायवाटेवर हे ऐकत असतानाच डाळ व्यापाऱ्यांच्या पत्नी थबकल्या. “अहो, जपून. पायाखाली वाणी आहे.”

खरोखरच पाल्यातून एक जोंगू संथपणे वाट ओलांडत होता. लातूरच्या पावसाळ्यात भिंतीच्या कडेने चालणारा वाणी तोच. आकार मोठा, पायांचा रंग तेवढा वेगळा. पुतण्याने काडीने स्पर्श करताच त्याने अंगाचे वेटोळे केले.

“काका, याला कोकणातले माझे मित्र पैसा म्हणतात,” पुतण्या म्हणाला. “गोल झाला की नाण्यासारखा दिसतो म्हणून.”

“काडी टाकून दे,” पत्नी म्हणाल्या. “त्याचे काम चालू आहे.”

चौघेही तो पलीकडे जाईपर्यंत थांबले. वाणी आणि पैसा! मराठी माणसाने या मुक्या जीवाला दुकानदाराचे नाव दिले आणि नाण्याचेही दिले. ज्या घरांत ही दोन्ही नावे रोज उच्चारली जातात त्या घरांतील माणसांनी त्याच्याकडे एवढ्या आदराने पाहण्याचा प्रसंग क्वचितच आला असेल. पाठशाळेत मुलांना तीन इंद्रियांच्या जीवांची नावे शिकवतात तेव्हा त्यांत खजुरा, मुंगी, ऊ, ढेकूण येतात. त्यांना जपावे असे सांगितले जाते, आणि मुले ते दयेचा विषय म्हणून ऐकतात. बांबुरीच्या खाणीत दया करणारा कोण आणि उपकार घेणारा कोण, हे ठरविणे अवघड होते. तो खडक प्रवाळांनी रचला होता आणि त्या खडकावरची माती या वाण्यांनी रचली. मध्ये जी यंत्रे आली त्यांनी उपसण्यापलीकडे काही केले नव्हते.

पुढे तळी लागतात. पाणघोडे नाकपुड्या वर काढून पडलेले असतात. जिराफांना ठरलेल्या वेळी खाऊ घालता येतो आणि लहान मुले तेथे आनंदाने ओरडत असतात. येथील दोन प्राण्यांची गोष्ट जगभर वाचली गेली. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर मालिंदीजवळ समुद्रात अडकलेले पाणघोड्याचे एक पोरके पिल्लू गावकऱ्यांनी जाळी लावून वाचविले आणि या रानात आणले. त्याला ओवेन हे नाव मिळाले. आणल्याबरोबर ते धावत गेले ते एका वृद्ध कासवाच्या आडोशाला. हे कासव अल्डाब्रा बेटांच्या महाकाय जातीचे, वयाने सुमारे १३० वर्षांचे. त्याचे नाव म्झे. स्वाहिलीत वडीलधाऱ्या माणसाला आदराने म्झे म्हणतात. कासवाने आरंभी फुत्कारून त्याला दूर ठेवले. पण पिल्लू सोडीना. काही दिवसांत ते दोघे एकत्र चरू लागले, एकत्र झोपू लागले. दोन वर्षांहून अधिक काळ हा सहवास टिकला आणि नंतर ओवेनला त्याच्या जातीच्या सोबत्याकडे नेण्यात आले.

या रानात सर्वच मनासारखे होते असे नाही. तळ्यांत तिलापिया मासे वाढविले जातात. पाणी स्वच्छ राखणे, माशांच्या पाण्यावर झाडे पोसणे, असा त्यात एक हुशारीचा क्रम आहे, पण ते मासे शेवटी खाण्यासाठीच असतात. मगरींचेही पालन येथे झाले. डाळ व्यापाऱ्यांच्या पत्नी मगरींच्या आवाराकडे गेल्या नाहीत. एका झाडाखाली बसून त्यांनी माळ काढली. यजमानांनी आग्रह केला नाही. मोम्बाशात तीन पिढ्या काढलेल्या माणसाला ही अडचण परिचित होती.

पुतण्याला दुसरीच शंका होती. तो व्यवस्थापनशास्त्राचा विद्यार्थी.

“काका, हे सगळे कंपनीने नावासाठी केले नसेल कशावरून? इकडे झाडे दाखवायची आणि तिकडे दुसरीकडे खोदत राहायचे.”

प्रश्न योग्य होता. कारखाना चालूच राहिला आणि नव्या जागी खोदकामही झाले. सिमेंटच्या भट्टीतून निघणारा धूर या सुरूंनी भरून निघत नाही. या किनाऱ्यावर मूळचे जे जंगल होते ते जसेच्या तसे परत आलेले नाही. सुरू तर आफ्रिकेचा नव्हेच. तो आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडचा.

“नाव मिळाले, यात शंका नाही,” यजमान म्हणाले. “१९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने हॅलर साहेबांचा ‘ग्लोबल ५००’ सन्मानाने गौरव केला. त्याने कंपनीचेही नाव झाले. पण तू एक बघ. फक्त नाव हवे असते तर फाटकाजवळ चार कुंड्या पुरल्या असत्या. लोकांना आत सोडले ते १९८४ मध्ये. तोवर दहा-बारा वर्षे हा माणूस खड्ड्यात राबत होता आणि बघायला कोणी नव्हते.”

डाळ व्यापाऱ्यांनी यात भर घातली नाही. ते बाकावर बसून मनाशी हिशेब करीत होते. लाकडाचे खांब आणि जळण, मासे, प्रवेशाचे तिकीट, यांतून या रानाने स्वतःचे उत्पन्नही उभे केले, हे त्यांना यजमानांनी सांगितले होते. पण कोणत्याही पेढीने असा धंदा त्या नफ्यासाठी केला नसता. पहिली कित्येक वर्षे केवळ खर्च, २६ पैकी २३ व्यवहार बुडीत आणि परताव्याची मुदत माणसाच्या निम्म्या आयुष्याएवढी. हे कर्ज देण्यासारखे खाते नव्हते. तेव्हा हे घेतलेल्या कर्जाची फेड म्हणूनच समजायला हवे होते. घरच्या खाणीच्या त्या स्वतंत्र वहीची त्यांना आठवण झाली. तिच्यात पांजरापोळीच्या रकमा होत्या, पावत्या होत्या, वडिलांची सही होती. दहावा हिस्सा मुक्या जनावरांना वेळच्या वेळी पोहोचला होता. परंतु ज्या साडेचार एकरांतून ते सर्व आले त्या जमिनीच्या नावे त्या वहीत एकही रक्कम नव्हती. दान झाले होते. देणे मात्र दिले गेले नव्हते, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे व्यापाऱ्याहून अधिक कोणास कळावे?

लातूरला परतल्यावर बोलणी सोपी झाली नाहीत. धाकट्या भावाचे म्हणणे अव्यवहारी नव्हते.

“दादा, ते परदेश. तिथे कंपनी, तिथे साहेब, तिथे समुद्राची हवा. आपल्याकडे काळा कातळ आणि चार महिन्यांचा पाऊस. आणि सॉर्टेक्सचे काय? डाळीत खडा निघाला तर गिऱ्हाईक एकदाच येते.”

थोरल्यांनी प्रथम व्यवहाराचीच बाजू मांडली. खाणीच्या जमिनीकडे पाहण्याची सरकारची आणि न्यायालयांची दृष्टी गेल्या काही वर्षांत पुष्कळ कडक झाली आहे. मोठ्या खनिजांच्या खाणींना बंद करतानाचा आराखडा देण्याचे बंधन २००३ पासून आले. दगड, मुरूम, वाळू यांसारख्या गौण खनिजांच्या पाच हेक्टरांहून लहान पट्ट्यांनाही पर्यावरणाची मंजुरी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या फेब्रुवारीत सांगितले. अशा काळात आपल्या मालकीच्या खड्ड्यात दुसऱ्याने कोणता कचरा टाकला याची जबाबदारी शेवटी सातबाऱ्यावरच्या नावावर येणार. राडारोड्याबरोबर काय काय येईल आणि त्यातून झिरपलेले पाणी कोणाच्या विहिरीत जाईल, हे ठेकेदार कागदावर लिहून द्यायला तयार नव्हता. एवढ्यावर धाकटा भाऊ विचारात पडला. सॉर्टेक्स एक हंगाम पुढे ढकलावे आणि बँकेकडे पाहावे, असे ठरले.

मग थोरल्यांनी दुसरी बाजू सांगितली, म्हणजे वडिलांच्या वहीची. त्यावर धाकटा भाऊ काही बोलला नाही. खाण त्याच्याच आग्रहाने निघाली होती आणि वडिलांच्या अटी त्याच्याच अक्षरात लिहिल्या होत्या.

बांबुरीची नक्कल करण्यात अर्थ नव्हता. लातूरच्या कातळावर सुरू लावणे म्हणजे दुसऱ्याच्या बाजारभावाने आपला माल विकणे. बांबुरीतून घेण्यासारखी होती ती पद्धत: अनेक जाती थोड्या थोड्या लावायच्या, कोणती जगते ते पाहायचे, मेलेल्यांचीही नोंद ठेवायची आणि जी जगेल तिच्या पाठीशी राहायचे. वन विभागाच्या रोपवाटिकेतून कडुनिंब, करंज, बाभूळ, बोर, शिसव अशी नऊ जातींची रोपे आणली. यादीत उंबरही होता. मातोश्री म्हणाल्या, “उंबर आपण खात नाही, पण लावायला कोणी मनाई केलेली नाही. पाखरांना होईल.” मृग निघाल्यावर खाणीच्या कडेच्या फटींत, जेथे थोडा मुरूम धरून होता तेथे, रोपे लावण्यात आली. खड्ड्याच्या खोल भागात पावसाचे पाणी साचू दिले. डाळ मिलमधील तुरीची टरफले गुरांच्या खाद्याला जातात. त्यांतील ओलीने खराब झालेली तेवढी पोती तेथे नेऊन पसरली.

ज्यांना मोम्बाशाला जाणे शक्य नाही त्यांनी मुंबईत माहीम येथे, धारावीच्या समोर, मिठी नदीच्या काठावरील महाराष्ट्र निसर्ग उद्यान पाहावे. शहराचा कचरा जेथे वर्षानुवर्षे टाकला जात होता त्या ३७ एकरांवर ते उभे आहे आणि १९९४ पासून लोकांसाठी खुले आहे. लोकलच्या तिकिटात जेवढे शिकता येते तेवढे तेथेही शिकता येईल. व्यापारी कुटुंबांतून अनेकांच्या नावावर जुनी खाण, बंद गिरणीचे आवार, ओसाड वखार किंवा क्रशरची जागा असते. तिची किंमत काढणारे पुष्कळ भेटतात. तिचे देणे किती, हे मात्र मालकालाच मोजावे लागते.

लातूरच्या खाणीत पहिल्या उन्हाळ्यात निम्म्याहून अधिक रोपे गेली. करंज आणि बोर टिकले, बाभूळ तर जोमाने वाढली. उंबराची दोन रोपे पाण्याच्या कडेला तग धरून आहेत. कोणते रोप केव्हा गेले, याची नोंद पुतण्या ठेवतो, आणि ती नोंद वडिलांच्या त्याच जुन्या वहीत, उरलेल्या कोऱ्या पानांवर केली जाते. साचलेल्या पाण्यावर दोन बगळे येऊ लागले आहेत. मातोश्री दर पंधरवड्याला विचारतात, “वाणी आला का रे?” तो अद्याप आलेला नाही. त्याच्यासाठी पाला साठावा लागेल, आणि पाला साठण्यासाठी झाडांना अजून काही पावसाळे द्यावे लागतील.